इअरफोनचा जोड

वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागेत टाकीचा पाइप बारीक असला, म्हणजे एक कॉक उघडला तर पाणी जोरात येते. चार उघडले, की चारही मंदावतात. मोबाइल किंवा लहान प्लेअर आणि इअरफोन यांचेही तसेच आहे.

प्लेअरच्या आत विजेला काही अडथळा असतो, इअरफोनचाही असतो. त्याला इम्पीडन्स म्हणतात, माप ओहम. १८२७ साली विजेचा नियम मांडणारा जॉर्ज ओहम हा शाळामास्तर होता, हे गुरुजींनी मुलांना जरूर सांगावे.

आता हिशेब पाहा. दोघांचाही अडथळा १६ ओहम असेल, तर विजेचा निम्मा दाब प्लेअरच्या आतच खर्ची पडतो. काही इअरफोनांचा अडथळा सुरागणिक बदलतो. एका सुराला तो ४८ झाला, की तिथे पाऊण दाब मिळतो. तो सूर उगाच चढतो, गाण्याचा तोल जातो. प्लेअर २ ओहमचा असता, तर हेच भाग ८९ आणि ९६ टक्के; फरक जेमतेम. म्हणून इअरफोन प्लेअरच्या निदान आठपट ओहमचा घ्यावा, असा ठोकताळा आहे. मात्र ३०० ओहमचा घ्याल, तर मोबाइलवर आवाज क्षीण येईल.

शाळेत एकाच प्लेअरला ३२ ओहमचे चार इअरफोन जोडले, की मिळून ८ ओहमच उरतात. आवाज बसतो, म्हणून आपण तो वाढवतो. अशात तिघांनी आपले काढले, तर १६ ओहमच्या प्लेअरवर चौथ्या लेकराच्या कानावर दुप्पट दाब येतो. तेव्हा आधी आवाज कमी करा, मगच इअरफोन काढू द्या. इअरफोन दुसरा मिळेल, कान मिळायचा नाही.