माळ एक, चित्रे चार

अमेरिकेत टेक्सास नावाचे एक राज्य आहे. ते इतके मोठे आहे, की आपल्या महाराष्ट्राएवढी दोन राज्ये त्यात सहज मावतील. या राज्यातील डलास शहराच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर प्लेनो हे शहर आहे. 'प्लेनो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'सपाट' असा होतो. शहराला हे नाव अगदी शोभते. तिथे डोंगर नाहीत. खाली सपाट जमीन आणि वर भले मोठे आकाश! माती मात्र आपल्या ओळखीची आहे. विदर्भात, मराठवाड्यात असते तशीच ती काळी आणि चिकण आहे. उन्हात तिला भेगा पडतात, पावसात ती पायांना चिकटते. या मातीत पूर्वी तिथेही कापूस पिकत असे. आज प्लेनोत अनेक मराठी कुटुंबे राहतात.

डोंगर नाही, समुद्र नाही, गड नाही. मग अशा जागी चित्र कसले काढायचे, असे तुम्हांला वाटेल. पण तिथले चित्रकार रंगखडूंची पेटी घेऊन माळावर जातात. एकाच जागी ते वर्षातून अनेकदा जातात आणि दर वेळी निराळे चित्र घेऊन परततात. ते कसे, ते आता पाहू.

आधी या खडूंची ओळख करून घेऊ. तुमच्या दप्तरात मेणाचे किंवा तेलकट खडू असतील. चित्रकार वापरतात ते सुके खडू. त्यांना पेस्टल म्हणतात. रंगाची बारीक पूड, थोडी पांढरी भुकटी आणि अगदी थोडा डिंक एकत्र मळून त्याच्या कांड्या वळतात व वाळवतात. डिंक कमी असल्यामुळे कांडी मऊ राहते. खरखरीत कागदावर ती घासली, की रंगाचे कण कागदाच्या खाचांत बसतात. गुळगुळीत कागदावर मात्र ते टिकत नाहीत.

पेस्टलला पाणी लागत नाही, तेल लागत नाही, वाळेपर्यंत थांबावेही लागत नाही. माळावर याचा फार उपयोग होतो. सकाळी आठ वाजता झाडाची सावली जिथे होती, तिथे ती दहा वाजता नसते. ढग सरकतात, ऊन बदलते. जलरंगाचा एक थर वाळायला थोडा वेळ जातो. तैलरंग वाळायला तर कित्येक दिवस लागतात. पेस्टलने मात्र जे दिसले ते त्याच क्षणी कागदावर उतरवता येते. आणखी एक सोय आहे. पेस्टल अपारदर्शक असते, त्यामुळे गडद रंगावर फिकट रंग चढवता येतो. म्हणून चित्रकार आधी गडद भाग भरतात आणि झळाळते ऊन शेवटी ठेवतात. जलरंगात बहुधा याच्या उलट करावे लागते. पेस्टलची एक अडचणही आहे. हे रंग ताटलीत पातळ करून मिसळता येत नाहीत. म्हणून पेटीत एकट्या हिरव्याच्याच दहा-बारा छटा बाळगाव्या लागतात.

या भागात पेस्टलने चित्रे काढण्याची परंपरा जुनी आहे. फ्रँक रे नावाचे एक मोठे चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८६० साली झाला. १८७६ मध्ये ते आईवडिलांबरोबर छपराच्या गाडीतून टेक्सासात आले. तेव्हा तिथे मोकळी गवताळ राने होती. लांब शिंगांच्या गाईबैलांचे मोठमोठे कळप त्यांत चरत असत. रे त्या कळपांच्या मागे हिंडत आणि त्यांची चित्रे काढीत. पुढे ते पॅरिसला जाऊन शिकून आले व डलासला राहू लागले. आपले खडू ते स्वतः तयार करीत. मांडीवर ठेवून काम करता येईल अशी घडीची चौकटही त्यांनी बनवली होती. विद्यार्थ्यांना घेऊन ते दूर पश्चिम टेक्सासात जात आणि उघड्यावर बसून चित्रे काढीत. दरम्यान रानांना काटेरी तारांची कुंपणे पडली आणि ते मोकळे कळप दिसेनासे झाले. १९४५ साली रे वारले. कळपाच्या एका दिवसाची, म्हणजे चोवीस तासांची, सात मोठी पेस्टल चित्रे त्यांनी काढली. ती टेक्सासातील कॅन्यन गावच्या संग्रहालयात आहेत. मोकळे रान कसे होते, हे आज त्या चित्रांत पाहायला मिळते.

आता प्लेनोच्या माळावर जाऊ. शहराच्या पश्चिम भागात आर्बर हिल्स नावाची सुमारे २०० एकरांची राखीव जागा आहे. तिथे गवताळ माळ आहे, ओढ्याकाठचे रान आहे आणि उंचावरून पाहण्यासाठी एक मनोराही आहे. चित्रकाराला आणखी काय हवे?

आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. तिथे वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा असे चार ऋतू मानतात. पावसाला वेगळा ऋतू नाही. तो अधूनमधून पडतो, वसंतात जरा जास्त.

मार्च संपता संपता टेक्सासात ब्लूबॉनेट नावाची निळी रानफुले फुलतात. ती या राज्याची फुले आहेत आणि आपल्या हरभऱ्याच्या कुळातली आहेत. त्यांच्या सोबतीला तांबडी-केशरी फुले येतात. त्यांचे नाव ऐकून तुम्हांला हसू येईल. त्यांना 'पेंटब्रश', म्हणजे रंगाचा कुंचला, म्हणतात! नवा चित्रकार इथे एकेक फूल रेखाटायला बसतो आणि थकून जातो. अनुभवी चित्रकार डोळे किलकिले करून पाहतो. तसे पाहिले, की फुले दिसेनाशी होतात आणि निळ्या रंगाचा एक पट्टा तेवढा दिसतो. तो आधी तोच पट्टा कागदावर ओढतो. पायाजवळच्या चार-दोन फुलांना मात्र आकार देतो. पाहणाऱ्याला वाटते, सारी फुले काढली आहेत.

उन्हाळा कडक असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा होतात आणि सगळा माळ फिका, पांढुरका दिसतो. म्हणून चित्रकार पहाटेच निघतात. खडू आणि कागद उन्हात राहिले, तर डोळे दिपतात आणि रंग ओळखताना फसगत होते. म्हणून ते सावली पाहूनच बसतात.

शरद ऋतूत, विशेषतः नोव्हेंबरात, खरी मजा येते. थंडी पडू लागली, दिवस लहान झाले, की पानांतील हरितद्रव्य कमी होऊ लागते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरव्यामागे लपलेला तो रंग आता दिसू लागतो. काही झाडांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. एल्मची झाडे पिवळी होतात, काही ओक वृक्ष लालभडक होतात. गवतही मागे राहत नाही. तिथल्या एका गवताचे नाव ब्लूस्टेम, म्हणजे 'निळ्या काडीचे', असे आहे. पण शरदात ते तांब्याच्या भांड्यासारखे दिसते. गवताचा रंग हिरवा असे ठरवूनच जो पेटी उघडतो, त्याची इथे पंचाईत होते. या दिवसांत चित्रकार पुष्कळदा निळसर कागद निवडतात. रंगाखालून थोडा थोडा निळा डोकावतो आणि वरचा नारिंगी रंग अधिक उजळ दिसतो.

हिवाळ्यात उत्तरेकडून एकाएकी गार वारा येतो. काही तासांतच थंडी एवढी वाढते, की बोटे आखडतात आणि कांडी धरवत नाही. आता पुष्कळशी झाडे निष्पर्ण असतात. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून फक्त सुमारे ३४ अंश वर येतो. त्यामुळे दुपारीसुद्धा सावल्या लांब पडतात. या सावल्या नीट पाहा. त्या काळ्या नसतात. सावलीत ऊन पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. म्हणून त्यांत निळसर, जांभळट झाक असते. प्लेनोत बर्फ क्वचित पडते. २०२१ च्या फेब्रुवारीत मात्र ते चांगलेच पडले होते. बर्फाचे चित्र काढताना पांढरा खडू पुरत नाही. निळा आणि जांभळा खडूही हाताशी घ्यावा लागतो.

पेस्टलचे चित्र फार जपावे लागते. बोट लागले तरी ते फिसकटते. वरची भुकटी कधी फुंकू नये, ती नाकातोंडात जाते. फळी उभी धरून मागून टिचकी मारावी, म्हणजे जास्तीची पूड खाली पडते. मग वर गुळगुळीत पातळ कागद ठेवून चित्र घरी न्यायचे. काचेत बसवतानाही काच चित्राला टेकू द्यायची नाही.

काही चित्रकार चित्राच्या मागे जागा, तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवतात. प्लेनोत तर याला फार महत्त्व आहे. १९६० साली या गावात ४,००० माणसेही नव्हती. २०२० च्या जनगणनेत ती २,८५,००० च्या वर गेली. काळ्या मातीच्या त्या पट्ट्यात पूर्वी दूरवर रानगवत होते. आज त्याचा शंभरावा हिस्सादेखील उरलेला नाही. मागे तारीख असली, म्हणजे गवत कुठपर्यंत होते, ओढ्याकाठी कोणते झाड उभे होते आणि ते कधी पिवळे झाले, हे पुढे कोणालाही त्या चित्रावरून सांगता येते.