ट्रॅक्टरमधील मूळचा दोष : ओळख, नोंद व दाद

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. आणि एवढे करूनही जनावर खोडीचे निघाले तर पुढच्या बाजारी विकणाऱ्याला गाठून जाब विचारतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी एकाएकी मुका होतो. सात-आठ लाखांचे यंत्र पहिल्याच हंगामात तीनदा बंद पडले, तरी "नशीब आपले" म्हणून तो मिस्त्रीचे पैसे भागवीत राहतो. यंत्रातही जन्मजात खोड असू शकते, ती काढून देणे हे कारखानदाराचे काम आहे आणि त्यासाठी आता कायद्याचा आधारही आहे, ही माहिती गावोगाव पोहोचलेली नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, प्रत्येक बिघाड हा कारखान्याचा दोष नव्हे. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, पंख्याचा पट्टा, फिल्टर व टायर हे भाग झिजण्यासाठीच असतात. दुसरा मोठा वर्ग निगेतील हयगयीचा. मळणीच्या दिवसांत धुरळ्यात दिवसभर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर आठ-आठ दिवस उघडला जात नाही. मग बारीक धूळ इंजिनात शिरून रिंगा व लायनर खाते, ट्रॅक्टर ऑईल पिऊ लागतो, आणि दोष कंपनीला दिला जातो. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या बेसुमार भरून ओढल्या, तर मागचा आस व गिअर यांनी किती सोसावे यालाही मर्यादा आहे. अशा तक्रारी घेऊन विक्रेत्याकडे गेल्यास तो पहिल्याच प्रश्नात आपल्याला गप्प करील. शिवाय खऱ्या तक्रारीची किंमतही त्यामुळे कमी होते, हे अधिक वाईट.

एक उदाहरण वारंवार पाहण्यात येते. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक निरनिराळे असतात, कारण शेतात वळताना एकाच चाकाला ब्रेक लावावा लागतो. रस्त्यावर जाताना दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडावयाची असतात. ही कडी न लावता भरधाव जाताना ब्रेक दाबला की ट्रॅक्टर एका अंगाला खेचतो व प्रसंगी उलटतो. हा यंत्राचा दोष नाही. परंतु कडी लावलेली आहे, दोन्ही पेडलांची चाल सारखी जुळविलेली आहे, आणि तरीही नवा ट्रॅक्टर एकीकडे ओढतो. मिस्त्रीने ड्रम उघडला तर मागच्या आसाच्या सीलमधून ऑईल गळून लायनर भिजलेले दिसते. सील बदलल्यावर महिन्याभरात पुन्हा तेच होते. येथे मात्र संशयाला जागा आहे. सील निकृष्ट असेल, बेअरिंगची बैठक चुकीची असेल किंवा आसाचे माप चुकले असेल.

मूळच्या दोषाची खूण अशी की, तो लवकर उद्भवतो, माफक कामातही उद्भवतो, भाग बदलूनही परत येतो, आणि त्याच नमुन्याच्या व त्याच सुमारास तयार झालेल्या इतर यंत्रांतही आढळतो. शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती एकट्या शेतकऱ्याला दिसत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याला मात्र ती दिसू शकते, कारण तो पाच-दहा गावे फिरतो. एका शेतकऱ्याच्या तक्रारीत चालकाची चूक शोधता येते. चार गावांतील सहा ट्रॅक्टरांचा तोच सांधा सुटतो, तेव्हा ती पळवाट उरत नाही.

म्हणून नोंद ठेवावी. ट्रॅक्टरवर चालू तास दाखविणारे मीटर असते. बिघाड झाला त्या दिवसाची तारीख, मीटरवरील तास, मागे कोणते अवजार होते, जमीन कशी होती, काय आवाज आला, ऑईलचा दाब किती होता, एवढे साध्या वहीत लिहिले तरी पुरे. वहीच्या पहिल्या पानावर चासी क्रमांक व इंजिन क्रमांक उतरून घ्यावेत. नोंदणीचे मूळ कागद अनेकदा कर्ज देणाऱ्याकडे असतात आणि ऐनवेळी क्रमांक सापडत नाही. हमीच्या मुदतीतील ठरावीक सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच, सांगितलेल्या तासांवर करून घ्यावे. प्रत्येक वेळी मिळणाऱ्या जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहिली गेली आहे की नाही, हे वाचून मगच सही करावी. "सर्वसाधारण तपासणी" असा शेरा मारलेले कार्ड पुढे काहीच सिद्ध करीत नाही. हमीत बदललेला जुना भाग विक्रेता बहुधा परत घेतो. तो देण्यापूर्वी तुटलेल्या जागेचे छायाचित्र काढावे व भाग घेतल्याची पोच मागावी.

आता कारखान्याकडील सूचनांविषयी. दोष ध्यानात आला म्हणजे कारखानदार दोन प्रकारे वागतो. दोष किरकोळ असल्यास तो आपल्या विक्रेत्यांना परिपत्रक पाठवितो, की अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतचे यंत्र कामासाठी आले, तर त्यातील अमुक भाग बदलावा किंवा अमुक जुळणी सुधारावी. यास सेवा-सूचना म्हणता येईल. हिची बातमी मालकाकडे सहसा येत नाही. जो शेतकरी अधिकृत ठिकाणी जातो त्याचे काम होऊन जाते. जो हमी संपण्यापूर्वीच नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जाऊ लागतो, त्याचा दोष तसाच राहतो. नाक्यावरचा मिस्त्री हुशार नसतो असे नाही; त्याच्याकडे ते परिपत्रक नसते, इतकेच. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी "माझ्या चासी क्रमांकाला काही सूचना लागू आहे काय?" असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

दोषामुळे जीविताला धोका असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. तेव्हा कारखान्याने ती सर्व वाहने परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करावयाची असतात. यास वाहन-परतबोलावणी किंवा प्रचलित शब्दात रिकॉल म्हणतात. ही गोष्ट परदेशातीलच आहे असे कोणी समजू नये. २०२१ या एकाच वर्षात आपल्याकडे अशा मोठ्या घटना घडल्या. मे महिन्यात रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधील दोषासाठी बुलेट, क्लासिक व मीटिऑर या जातींच्या सुमारे २ लाख ३७ हजार मोटारसायकली तपासणीस बोलावल्या. सप्टेंबरमध्ये मारुती सुझुकीने सुमारे १ लाख ८१ हजार पेट्रोल मोटारी मोटर-जनरेटर तपासण्यासाठी बोलावल्या, आणि तोपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये असे मालकांना कळविले. त्याच सुमारास महिंद्रने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात तयार झालेल्या २९,८७८ पिकअप गाड्या परत बोलावल्या. पुरवठादाराकडून द्रव भरताना कसूर झाल्याचा संशय हे कारण होते. भाजीपाला व दूध वाहून नेणाऱ्या कितीतरी गाड्या याच प्रकारच्या असतात.

बोलावलेले प्रत्येक वाहन सदोष असतेच असे नाही. वरील मोटारसायकलींपैकी दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल, असा कंपनीचाच अंदाज होता. पण आपली गाडी त्या दहांतील आहे की नव्वदांतील, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

येथे आपल्या खेड्यांतील एक जुनी सवय आड येते. ट्रॅक्टर किंवा पिकअप विकताना पुष्कळदा साध्या कागदावर लिखापढी होते, पैसे हाती पडतात, आणि नोंदणी पुस्तकावरील नाव तसेच राहते. कारखान्याचे पत्र जाते ते नोंदीतील मालकाला. तो तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि ज्याच्या गाडीचा ब्रेक निकामी व्हायचा आहे त्याला पत्ताच नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत ही गोष्ट नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाची असते. अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही नाव बदलण्याशी जोडलेला आहे. जुने वाहन घेतले असेल तर नाव बदलून घ्यावे, आणि चासी क्रमांक घेऊन अधिकृत विक्रेत्याकडे एक चक्कर टाकावी.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम ११०-अ घालण्यात आले आणि ते १ एप्रिल २०२१ पासून नियमांसह अमलात आले. वाहनातील दोषामुळे चालकास, आत बसणाऱ्यांस, रस्त्यावरील इतरांस किंवा पर्यावरणास हानी पोहोचण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार त्या जातीची वाहने परत बोलावण्याचा आदेश कारखानदारास देऊ शकते. ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली, किंवा चाचणी संस्थेने अथवा अन्य कोणी दोष निदर्शनास आणला, म्हणजे हे कलम लागू पडते. आदेश झाल्यावर कारखानदाराने वाहन दुरुस्त करावे, बदलून द्यावे किंवा किंमत परत करावी. कर्जाचा बोजा असल्यास किंमत त्या कराराच्या अधीन राहून मिळते. त्याने आपण होऊन दोष कळविला व वाहने बोलावली, तर त्यास दंड होत नाही. सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांसाठी ही तरतूद आहे. तक्रार केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावर नोंदविता येते. मालकांच्या तक्रारींची संख्या कायदाच मोजतो. तेव्हा सहा जणांनी कट्ट्यावर बसून कुरकुर करण्यापेक्षा सहा जणांनी वेगवेगळी नोंद करणे अधिक उपयोगाचे. कार्यकर्त्यांनी या नोंदी स्वतः भरून देण्यास मदत करावी.

हा मार्ग सर्वांच्या हिताचा असला, तरी आपल्या एकट्याच्या नुकसानीची भरपाई त्यातून मिळत नाही. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. प्रथम विक्रेता व कारखाना या दोघांनाही लेखी तक्रार पाठवावी व पोच जपावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर कळवावे. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पन्नास लाख रुपयांपर्यंत किमतीच्या वस्तूंच्या तक्रारी तेथे चालतात, आणि आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. कारखान्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. दोष तपासणीवाचून ठरविता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणूनच तुटलेला भाग व त्याची छायाचित्रे जपून ठेवण्याचा आग्रह वर धरला आहे. ट्रॅक्टर भाड्याने चालविणाऱ्यास ग्राहक म्हणता येत नाही, असा बचाव समोरची बाजू घेते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून यंत्र चालविणारा ग्राहकच होय, असे कायद्यात स्पष्ट आहे. भाड्याच्या ट्रॅक्टरांचा ताफा बाळगणाऱ्याची गोष्ट निराळी.

खरेदीपूर्वी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल विक्रेत्याकडे अवश्य मागावा. ही संस्था ट्रॅक्टरांची शक्ती, ओढ, ब्रेक व इंधनखर्च मोजते आणि चाचणीत आढळलेल्या उणिवाही नमूद करते. अर्थात चाचणी एका नमुन्याची होते. पुढे एखाद्या तुकडीत निकृष्ट भाग वापरला गेला तर तो अहवालात दिसणार नाही.

परतबोलावणीचे पत्र ऐन पेरणीत आले, तर काय करावे, असा प्रश्न हटकून विचारला जातो. दोष स्टिअरिंग, ब्रेक, चाकांचे नट, पुढचा आस किंवा डिझेलगळती यांपैकी असेल, तर ट्रॅक्टर त्याच दिवशी थांबवावा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेणे परवडते. इतर दोषांत विक्रेत्याला आधी फोन करून लागणारा भाग त्याच्याकडे आला आहे की नाही हे विचारावे, दिवस ठरवून घ्यावा, आणि तोपर्यंत रस्त्यावरची वाहतूक बंद ठेवून शेतातले हलके काम करावे. एकाच गावात तशी चार यंत्रे असतील, तर विक्रेत्याने आपला मिस्त्री भागांसह गावात पाठवावा अशी मागणी चौघांनी मिळून करावी. चार ट्रॅक्टर तालुक्याला नेण्याचे डिझेल व दिवस दोन्ही त्यामुळे वाचतात.