इन्शुलिन आहे, तरी साखर बाहेरच!

मधुमेह म्हणजे काय असे विचारले, तर तुम्ही चटकन सांगाल : स्वादुपिंडात इन्शुलिन तयार व्हायचे थांबले की रक्तातली साखर वाढते, तोच मधुमेह. उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. बहुधा लहान वयात जडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला ते लागू पडते. तिथे शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. पण तुमच्या आजोबांना किंवा शेजारच्या काकूंना असलेला मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे.

१९३६ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. रुग्णांना ग्लुकोजचे पाणी प्यायला द्यायचे आणि त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन टोचायचे. काही रुग्णांच्या रक्तातली साखर फारशी वाढली नाही. इतरांची मात्र चढतच गेली, जणू इन्शुलिन टोचलेच नव्हते! रक्तातले इन्शुलिन मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. ती झाली १९६० मध्ये. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्शुलिन वापरून ही मोजणी साधली. (यॅलोबाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या, बरे का! १९७७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन मात्र १९७२ मध्येच वारले होते.) मोजून पाहतात तो काय, मोठेपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर! मग साखर का अडते?

हे समजण्यासाठी पेशीच्या दाराशी जाऊ या. पुष्कळ पुस्तकांत इन्शुलिनला किल्ली म्हटलेले असते. मला ती उपमा फारशी पटत नाही. इन्शुलिन कुलूप उघडत नाही. ते फक्त कडी वाजवते. स्नायूच्या पेशीपटलावर एक प्रथिन असते, त्याला ग्राही म्हणतात. इन्शुलिन बाहेरून त्याला चिकटले, की ग्राहीचे आतले टोक जागे होते आणि शेजारच्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट चिकटवते. ते प्रथिन पुढच्याला जागे करते, ते त्याच्या पुढच्याला. असा निरोप हातोहात आत जातो. आत छोट्या पिशव्यांत ‘ग्लुट-४’ नावाची प्रथिने ठेवलेली असतात. ग्लुकोजची दारे ती हीच! निरोप पोचला की पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात, पेशीपटलात मिसळतात आणि साखर आत शिरू लागते.

आता समजा, गरजेपेक्षा जास्त अन्न वर्षानुवर्षे पोटात गेले. कातडीखालची मेदाची कोठारे भरली, की उरलेला मेद स्नायूंत आणि यकृतात साठू लागतो. या मेदापासून होणारे काही रेणू निरोपाच्या साखळीत ढवळाढवळ करतात. फॉस्फेट भलत्याच जागी चिकटतो आणि निरोप वाटेतच विरतो. फुगलेल्या मेदपेशींतून सुटणारे दाहकारक पदार्थही त्यात भर घालतात. कडी वाजते आहे, पण दारे आतच पडून! यालाच ‘इन्शुलिन-रोध’ म्हणतात. तिकडे यकृताला इन्शुलिनचा हुकूम असतो, ‘साखर बनवणे थांबव’. तोही त्याला ऐकू येत नाही. म्हणून रात्रभर उपाशी राहूनही सकाळी रक्तात साखर जास्त निघते.

गंमत अशी की स्नायू आकुंचन पावू लागले, की हीच दारे इन्शुलिनच्या निरोपावाचूनही वर येतात. चालण्या-खेळण्याने साखर का उतरते, ते आले ना लक्षात?

पण इन्शुलिन-रोध म्हणजे लगेच मधुमेह नव्हे. तो असलेल्या कित्येकांना मधुमेह कधीच होत नाही, कारण त्यांच्या बीटा पेशी जादा इन्शुलिन बनवून वेळ निभावून नेतात. या पेशींचे काम मोठे नाजूक आहे. ग्लुकोज आत आले की त्यापासून ऊर्जा तयार होते. त्यामुळे पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियमची उघडतात, आणि कॅल्शियम आत येताच इन्शुलिनचे कण बाहेर सोडले जातात. सुदृढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून चहाच्या चमचाभरच, म्हणजे पाचएक ग्रॅम ग्लुकोज असते. वाटीभर भातातून त्याच्या कितीतरी पट येते, तरी हा तोल सहसा ढळत नाही!

मात्र मागणी सतत चढी राहिली तर? कामाला जुंपलेली एक बीटा पेशी मिनिटाला सुमारे दहा लाख रेणू घडवू शकते. प्रत्येक रेणूची घडी नीट बसावी लागते. घाईत घड्या चुकतात, चुकलेल्यांचा ढीग साचतो आणि पेशीवर ताण येतो. वाढलेली साखर आणि मेदही तिला बाधतात. शेवटी काही पेशी मरतात, तर काही जिवंत राहूनही आपले काम विसरतात. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की मधुमेहाचे निदान होते तेव्हाच बीटा पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते. आणि तोवर रुग्णाला बहुधा काही जाणवलेलेही नसते!

‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बाळांची मोजमापेही याज्ञिकांच्या गटाने घेतली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे सरासरी ३.५ किलोची, आपली २.७ किलोची. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी, पण कातडीखालचा मेद त्या मानाने फारसा कमी नाही.

मग गेलेली क्षमता परत येते का? न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये अकरा रुग्णांना आठ आठवडे दिवसाला केवळ ६०० कॅलरींचा आहार दिला. (हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालचा, घरी करून पाहायचा नाही!) आठवड्याभरात यकृतातला मेद घटला आणि उपाशीपोटीची साखर पूर्ववत झाली. बीटा पेशी सावरायला मात्र पुरे आठ आठवडे लागले. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत, दिवसाला साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरींवर काही महिने काढून वजन उतरवलेल्या गटात, वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांवाचून मागे हटला होता. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्के होता. या चाचणीत सहा वर्षांहून जुना मधुमेह असलेल्यांना घेतलेच नव्हते. दुखणे जुने असेल तर असे यश कमी रुग्णांना मिळते, कारण तोवर जाग्या करता येतील अशा बीटा पेशीच थोड्या उरलेल्या असतात.