खोडावरचा पांढरा पापुद्रा: रोग नव्हे, कदाचित नवी जात

आपल्या आंब्या-फणसाच्या खोडावर पांढरट, राखाडी डाग आपण पाहतच असाल. "साहेब, झाडाला कोड फुटलंय, कोणतं औषध मारू?" असा प्रश्न हमखास येतो. कोणतंही नको. हे शैवाक, म्हणजे लायकेन. मसाल्यातलं दगडफूल याच कुळीचं. बुरशी आणि शेवाळ यांची ही भागीदारी आहे. शेवाळ उन्हावर अन्न करतं, बुरशी त्याला घर देते. झाडातून काही शोषत नाही, साल फक्त बसायला. झाड खंगून पाला विरळ झाला की खोडावर ऊन येतं, शैवाक वाढतं आणि आळ त्याच्यावर येतो. खंगण्याचं कारण मुळाशी नाहीतर खोडकिड्यात शोधा.

आता मुद्द्याचं. दमट, उष्ण जंगलांतल्या या पापुद्र्यांपैकी कित्येकांना अजून नावच नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 2025 साली पश्चिम घाटातली एक नवी जात जाहीर केली, अ‍ॅलोग्राफा इफ्यूसोसोरेडिका. तिच्या अंगावर बारीक भुकटी पसरलेली असते. त्या भुकटीच्या प्रत्येक कणात बुरशीही असते आणि शेवाळही. बी नव्हे, कलमच म्हणा ना!

जात ओळखतात कशी? नुसत्या रंगावर जाऊन भागत नाही. आधी फळांचा आकार पाहतात. अ‍ॅलोग्राफाची फळं काळ्या रेघोट्यांसारखी, जणू कुणी सालीवर गिरवलंय. मग सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू किती लांब, त्यात कप्पे किती, हे मोजतात. नंतर रसायन. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा. नॉरस्टिक्टिक आम्ल असेल तर जागा आधी पिवळी, मग लाल होते. हेच आम्ल या नव्या जातीत आहे. दुसरा थेंब ब्लीचिंगच्या द्रावणाचा. ग्रामपंचायतीच्या विहिरीत पडते ती टीसीएल पावडर त्याच जातकुळीची. शेवटी डीएनए. नाव मात्र बुरशीचं धरतात, शेवाळाला वेगळं नाव असतं. मूळ नमुना संग्रहालयात ठेवल्याशिवाय नवं नाव ग्राह्य होत नाही.

डीएनएने किती उलथापालथ होते बघा. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांत कोरा नावाचं एक शैवाक आहे. कित्येक वर्षं ती एकच जात समजत. 2014 साली तपासलं तर निदान 126 निघाल्या! आपल्या घाटात असं किती दडलंय, कोण सांगणार? आणि वाढ म्हणाल तर वर्षाला काही मिलिमीटर, पापुद्र्यासारख्या जातींची त्याहून कमी. जुनी देवराई एका दिवसात तुटते. तिथलं शैवाक नाव मिळण्याआधीच जातं.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती. गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत झाडं, पक्षी, औषधी वनस्पती येतात, शैवाकाचं पान बहुधा कोरं राहतं. देवराईतल्या आणि बांधावरच्या जुन्या झाडांची तेवढी नोंद घ्या. दगडफूल काढणाऱ्यांना सगळी साल खरवडू देऊ नका, निम्म्याहून जास्त जागेवर राहू द्या. वेगळं काही दिसलं तर नखाएवढा तुकडा सालीसकट काढा, सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरा येतो. पाकिटावर गाव, तारीख, झाडाचं नाव, ऊन की सावली एवढं लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. वनखात्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय हात लावू नका.