गणेश ते सोलापूर लाल

महाराष्ट्रातल्या आजच्या प्रमुख डाळिंब वाणांचा वंश पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रातल्या एका झाडापाशी पोहोचतो. आळंदी वाणाच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये ते निवडले. बी मऊ, दाणे फिकट गुलाबी. ‘जीबीजी १’ या रुक्ष नावाऐवजी १९७० मध्ये त्याला ‘गणेश’ हे नाव मिळाले. इथे संकर नव्हताच, होती ती नुसती पारख.

संकराचे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केले. मऊ बियांच्या गणेशला गर्द लाल पण कठीण बियांच्या गुलेशाह रेडची जोड दिली. डाळिंबाला नर आणि उभयलिंगी अशी दोन्ही फुले येतात. फळ धरते ते घटाच्या आकाराच्या उभयलिंगी फुलात. त्याची कळी उमलण्याआधी पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि वर पिशवी बांधायची. हे तसे सोपे. खरी कसोटी पुढच्या पिढीत लागते. तिथे गुण विखुरतात: कुठे रंग येतो तर बी टणक, कुठे बी मऊ तर फळ लहान. प्रत्येक रोप फळावर येईपर्यंत थांबावे लागते. याच वंशातून १९९४ मध्ये मृदुला आणि २००३-०४ च्या सुमारास आरक्ता व भगवा आले. भगव्याला तयार व्हायला सुमारे १८० दिवस लागतात, गणेशपेक्षा जास्त. पण जाड, चकचकीत साल दूरच्या प्रवासात टिकते, आणि बाजाराने त्यालाच उचलून धरले.

निवडलेले झाड गुटी कलमाने, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळे फोडून, वाढवतात, म्हणून गुण हुबेहूब उतरतात. याच कारणाने अख्खी बाग एकाच झाडाची प्रत ठरते आणि तिचे दुबळेपणही एकच. ते कसे, हे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात दिसते. तिथे पश्चिमेला सह्याद्रीचा पाऊस, भात आणि हिरडा. पूर्वेला कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरची बागायत. डाळिंब या पूर्वेकडचे. तिथेही मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा फुलोरा, धरला की फळे ओल्या हवेत वाढतात आणि तेल्याला, म्हणजे जिवाणूजन्य करप्याला, वाव मिळतो. भगवा या रोगाला सहज बळी पडतो, त्यामुळे बहार निवडणे हाच बागायतदाराचा पहिला बचाव.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ मध्ये ‘सोलापूर लाल’ दिले. त्यात भगव्याबरोबर गणेश, बुटके ‘नाना’ आणि हिमालयातले रानटी डाळिंब ‘दारू’ यांचा वंश आहे. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असणे ही त्याची ओळख. तेल्याला पुरते दाद न देणारे आणि भगव्याइतकेच विकले जाणारे वाण मात्र अजून बागेत आलेले नाही.