लहानग्यांचा फोटो सुधारताना

लहान मुलांच्या फोटोत बहुतेक वेळा एकच गोष्ट बिघडलेली असते: मूल एवढेसे आणि भोवतीचा पसारा मोठा. आपण उभ्यानेच, वरून फोटो काढतो. मग फरशी, दोरीवरचे कपडे, कुणाचा तरी अर्धा हात असे सगळे चौकटीत येते. म्हणून आधी क्रॉप, रंगांचे नंतर.

डोळे चौकटीच्या वरच्या एक-तृतीयांश रेषेजवळ येऊ द्या. मूल बाजूला पाहत असेल तर त्या बाजूला जागा मोकळी ठेवा. मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर कडा आणू नका, अवयव तुटल्यासारखा दिसतो. दंडावर किंवा मांडीवर कापलेले चालते. अगदी जवळच्या चेहऱ्यात डोक्याचा वरचा भाग थोडा गेला तरी बिघडत नाही, हनुवटी मात्र जाऊ देऊ नये.

किती कापायचे यालाही मर्यादा आहे. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली, की १.२ कोटींपैकी ३० लाखच पिक्सेल उरतात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४ बाय ६ इंची प्रिंट त्यातून छान निघते, ८ बाय १० इंची नाही.

मग रंग. झाडाखाली चेहऱ्यावर हिरवट झाक येते, ती व्हाइट बॅलन्सने काढा. सावलीतले डोळे किंचित उजळा. त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर मात्र नकोतच. गालावरचा ओरखडा, पडलेल्या दाताची फट हेच तर त्या वयाचे रूप! आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. सगळे बदल तिच्या प्रतीवर करा.