कारागीर मास्तर झाला, पण शिकवायचं कसं हे त्याला कोण शिकवणार? भेस्तान पट्ट्यातल्या कौशल्यवर्गांचा प्रश्न

भेस्तान (सुरत) : उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मध्ये भेस्तान येतं. जवळच पांडेसरा जीआयडीसीची प्रोसेस हाऊसं, पुढे सचिनची औद्योगिक वसाहत आणि मधल्या भागात लूम्सची खाती व दाटीवाटीच्या सोसायट्या. नंदुरबार, नवापूर, शिंदखेडा, अमळनेरकडची कितीतरी घरं गेल्या दोन-तीन पिढ्यांत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात स्थिरावली. आता त्या घरांतल्या पोरापोरींपुढे दहावी-बारावीनंतर एकच सवाल असतो. बापासारखं खात्यावर जायचं की काहीतरी हातचं शिकून जायचं?

शिकायचं ठरलं तर आयटीआय आहे, सहा महिन्यांपासून वर्षभराचे कौशल्यकोर्स आहेत, कॉलेजांशी जोडलेले कम्युनिटी कॉलेज पद्धतीचे डिप्लोमे आहेत. पालक चौकशीला जातात तेव्हा फी किती, सर्टिफिकेट कुणाचं, नोकरी लागेल का, एवढं विचारतात. शिकवणारा कोण आणि शिकवण्याचं त्याचं स्वतःचं प्रशिक्षण किती, हे सहसा कुणी विचारत नाही. पोराचं वर्ष सार्थकी लागणं मात्र बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय

नाव अमेरिकेतलं आहे. तिकडे इलिनॉय राज्यात 1901 मध्ये जोलिएट ज्युनिअर कॉलेज निघालं, ते या प्रकारचं पहिलं सार्वजनिक कॉलेज मानलं जातं. जवळच्या वस्तीतल्या, नोकरी करणाऱ्या, वयाने मोठ्या माणसालाही कमी खर्चात शिकता यावं हा हेतू. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 मध्ये आणि मद्रासमध्ये चर्चच्या पुढाकाराने 1996 मध्ये अशी कॉलेजं सुरू झाली. 2013 च्या सुमारास यूजीसीने ती योजना म्हणून हाती घेतली. पुढे त्याच चौकटीत बी. व्होक. आणि कौशल केंद्रं आली. अभ्यासक्रमाचा साधारण 60 टक्के भाग कौशल्याचा आणि 40 टक्के सामान्य शिक्षणाचा, असा या योजनांचा साचा आहे.

खरी गोम या 60 टक्क्यांत आहे. हा भाग पुस्तक वाचून शिकवता येत नाही. त्यासाठी कारखान्यातला माणूस लागतो, म्हणून योजनेतच उद्योगातल्या माणसांना व्हिजिटिंग म्हणून बोलवायची सोय ठेवली आहे. कल्पना चांगली आहे. पंधरा वर्षं डाईंग मास्टर म्हणून काढलेला माणूस वर्गात आला तर पोरांना जे मिळेल ते एम. एस्सी. झालेल्या नव्या प्राध्यापकाकडून मिळणार नाही. पण काम येणं वेगळं आणि काम शिकवता येणं वेगळं, आणि नेमकं हे दुसरं शिकवण्याची जबाबदारी कुणावरच नीट टाकलेली नाही.

दारं आहेत, पण कुणासाठी

शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था देशात नाही असं नाही. उलट बरीच आहे.

1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर 1987 पासून यूजीसीने विद्यापीठांत अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि 5 सप्टेंबर 2023 रोजी मालवीय मिशन हा नवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात 111 केंद्रं आहेत. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी भोपाळची एनआयटीटीटीआर ही संस्था 1965 पासून आहे, गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही तिच्या कक्षेत येतात. आयटीआयच्या निदेशकांसाठी सीआयटीएस नावाचा एक वर्षाचा कोर्स आहे, तो मुंबईसह ठिकठिकाणच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांत चालतो. यांतला सीआयटीएस कामाचा आहे, कारण त्यात ट्रेड कसा शिकवायचा हे प्रत्यक्ष करून घेतलं जातं. पण वर्षभर हातातलं काम सोडून बसणं ज्याला परवडेल, त्याच्यासाठीच.

कॉलेजच्या कायम प्राध्यापकाला या कार्यशाळांना जावंच लागतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पुढच्या श्रेणीत जायचं तर 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि त्याखेरीज किमान आठवड्याचा एखादा कार्यक्रम किंवा तत्सम काही पूर्ण करावं लागतं. म्हणजे प्रमाणपत्र पगाराला जोडलेलं आहे. ते जोडलं नसतं तर किती जण गेले असते, हा प्रश्न स्टाफरूममध्ये हसत हसत विचारला जातो. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

आता कौशल्यवर्गातल्या मास्तरकडे बघा. महाराष्ट्रात त्याला तासिका तत्त्वावरचा म्हणतात. गुजरातमध्ये ‘प्रवासी’, ‘फिक्स पगार’वाला किंवा नुसता व्हिजिटिंग. आयटीआयमध्येसुद्धा प्रवासी सुपरवायझर इन्स्ट्रक्टर हा प्रकार आहे. नाव काहीही असो, तासिकेवरच्या माणसाला पदोन्नतीच नाही, त्यामुळे पदोन्नतीसाठी रचलेल्या कार्यशाळेला जाण्याचं कारणही नाही. शिवाय गेला तर खिशाला भोक.

हिशोब मांडून बघू. समजा तासाला 300 रुपये मिळतात आणि रोज तीन तास आहेत. पाच दिवसांच्या कार्यशाळेला गेलं की तेवढे तास बुडाले, म्हणजे 4,500 रुपये गेले. गावाबाहेर असेल तर जाणं-येणं, जेवण वेगळं. सकाळी कारखान्यात आणि संध्याकाळी वर्गावर असा जो माणूस आहे, त्याची कारखान्यातली पाच दिवसांची खाडी आणखी वेगळी. आणि परत आल्यावर तासाचा दर 300 चाच. या हिशोबात कार्यशाळेला न जाणं हेच शहाणपण ठरतं, त्याला आळस म्हणता येणार नाही.

ज्याला कायम नोकरी आहे त्याला प्रशिक्षण सक्तीचं आणि ज्याला ती मुळीच नाही त्याला ते तोट्याचं, असा हा उलटा कारभार आहे.

दोन टक्के शेडची गोष्ट

यात बिघडतं काय, ते एका उदाहरणाने पाहू. पॉलिस्टर रंगवण्याचा धडा आहे. मास्तर सांगतो, 100 किलो कापड, लिकर रेशो एकास आठ, म्हणजे 800 लिटर पाणी. शेड 2 टक्के. 130 डिग्रीला न्यायचं. त्याच्या डोक्यात हे सगळं इतकं मुरलेलं असतं की 2 टक्के कशाचे, हे सांगायचं राहून जातं. कारखान्यात ते कुणी सांगत नाही, सगळ्यांना माहीतच असतं.

पोरगा मात्र नवा आहे. समोर पाणी 800 लिटर दिसतंय, म्हणून तो पाण्याचे 2 टक्के काढू शकतो. उत्तर येतं 16 किलो रंग. खरं उत्तर आहे 2 किलो, कारण टक्के कापडाच्या वजनावर धरायचे असतात. आठपट फरक. वर्गात ही चूक म्हणजे एक मार्क. जेट मशीनवर झाली तर अख्खा लॉट गेला, आणि नव्या पोराची नोकरीही.

अनुभवी माणसाचं हे असंच होतं. जे हाताला आपोआप येतं, त्यातल्या पायऱ्या त्याला दिसेनाशा होतात. त्या पुन्हा दाखवून देणं हेच शिकवणाऱ्यांच्या कार्यशाळेचं काम असायला हवं. पण अनेक कार्यशाळांमध्ये होतं काय? दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, मग धोरण, मूल्यमापन आणि डिजिटल साधनं यांवर एकामागून एक स्लाइड. शिकणाऱ्यांना कृतीतून शिकवावं, हे तासभर व्याख्यान देऊन सांगितलं जातं. डाईंग मास्टरला 2 टक्के कुठे अडतात ते यातून कळणार नाही.

दहा मिनिटांचा धडा

दुसरी पद्धत आहे आणि ती कॅनडातल्या अशाच कॉलेजांतून आली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप’ सुरू झालं. तिथेही अडचण हीच होती. कारखान्यातून, दवाखान्यातून, गॅरेजमधून आलेले लोक शिकवायला उभे राहत होते. वर्कशॉपची रचना साधी आहे. पाच-सहा जणांचा गट. प्रत्येकाने आपल्या विषयातला दहा मिनिटांचा छोटा धडा घ्यायचा. बाकीच्यांनी विद्यार्थी असल्याचं नाटक करायचं नाही, खरोखर शिकायचं. मग लगेच लेखी आणि तोंडी सांगायचं : काय कळलं, कुठे सुटलो. हा साधारण चाळीस मिनिटांचा फेरा. धड्याचं रेकॉर्डिंगही होतं, आपणच आपल्याला बघायचं. असे तीन धडे प्रत्येकाने द्यायचे. एकूण 24 तासांचं काम.

वेल्डिंगवाला आणि ब्युटी पार्लरवाली एका गटात असतील तर उत्तम, कारण त्यांना एकमेकांचं काही येत नसतं. डाईंग मास्टर 2 टक्के शेड सांगतो आणि पार्लरवाली विचारते, ‘कशाचे 2 टक्के?’ झालं काम.

हे आपल्याकडे अगदी परकंही नाही. बी.एड. केलेल्या प्रत्येकाला सूक्ष्म अध्यापन माहीत आहे. मूळ स्टॅनफर्डचं, 1960 च्या दशकातलं, पण भारतात ते रुजवण्यात सुरतेपासून तीन-एक तासांवरच्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्र केंद्राचा मोठा वाटा आहे. 1970 च्या दशकात तिथे बी. के. पस्सी आणि सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं. पुढे बी.एड.मध्ये त्याचा विधी झाला, पाठ टिपणवही भरली की संपलं, ही गोष्ट वेगळी. कौशल्यवर्गाच्या मास्तरकडे तर बी.एड.च नसतं, त्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत 1969 पासून ‘ग्रेट टीचर्स सेमिनार’ही चालतात. त्यात बाहेरचा तज्ज्ञ व्याख्याता नसतो. येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक यशस्वी युक्ती आणि एक न सुटलेली अडचण कागदावर लिहून आणायची, चर्चा त्यावरच. खर्च चहाचा.

अडचण भाषेचीही

भेस्तान पट्ट्यात आणखी एक गाठ आहे, ती कुठल्याही दिल्लीहून आलेल्या मॉड्यूलमध्ये सापडत नाही. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. आठवीपर्यंत मराठीत शिकलेली भेस्तानची पोरगी, गंजामकडचा उडिया मुलगा आणि उत्तर प्रदेशातून आलेला हिंदी मुलगा पुढे एकाच कौशल्यवर्गात बसतात. पुस्तक इंग्रजी किंवा गुजराती. मास्तर बोलतो सुरती हिंदी. ताका, बीम, ग्रे, खातं हे शब्द सगळ्यांना येतात, कारण ते घरात ऐकलेले असतात. ‘रेशो’ला कुठल्या भाषेतून समजवायचं, इथे गाडी अडते.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याला हात घालणारा माणूस सुरतेचाच होता. सुरतेत 1863 मध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन उभं केलं. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे लोकांच्या भाषेतून शिकवायचं, असा गज्जरांचा आग्रह होता. कारागिरांना नवे रासायनिक रंग समजावेत म्हणून त्यांनी ‘रंगरहस्य’ नावाचं नियतकालिक काढलं. आज पांडेसऱ्यात रोज लाखो मीटर कापड रंगतं, तिथल्या नव्या पोरासाठी मराठीत तसं काही हाताशी नाही.

मास्तराने पाच भाषा शिकाव्यात असं कुणी म्हणणार नाही. पण दहा मिनिटांच्या धड्यात वेगवेगळ्या भाषेची माणसं समोर बसवली तर कोणता शब्द अडतो ते लगेच कळतं. आकृती काढून, वजनकाटा समोर ठेवून, आधी उडिया पोराला हिंदीत सांगायला लावून पुढे जायचं, अशा युक्त्या त्याच गटात निघतात. त्या लिहून ठेवल्या तर पुढच्या मास्तरला उपयोगी पडतील.

काय करता येईल

24 तास म्हणजे रोज सहा तासांचे चार रविवार. सलग पाच दिवस मोडण्यापेक्षा हे तासिकेवरच्या माणसाला झेपणारं आहे. सहा जणांच्या गटाला वर दिलेल्या 300 च्या दराने त्या तासांचं मानधन दिलं तर माणशी 7,200 आणि एकूण 43,200 रुपये होतात. संस्थेला हा खर्च जड वाटेल. पण कोर्सची जाहिरात, उद्घाटनाचा मंडप आणि प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम यांचा खर्च शेजारी लिहून पाहिला तर इतका जड वाटणार नाही. मानधन मात्र हवंच. फुकट बोलावलं तर पहिल्या रविवारी सहा, दुसऱ्या रविवारी दोन जण येतील.

गट भरायला एकाच संस्थेत सहा जण नसतील तर जवळच्या दोन-तीन संस्थांनी एकत्र यावं, त्यातूनच वेल्डिंग आणि पार्लर एका खोलीत येतील. बी.एड. कॉलेजचा सूक्ष्म अध्यापन खरंच करून घेणारा एखादा प्राध्यापक गट चालवायला मिळाला तर सोन्याहून पिवळं. आयटीआयमधला सीआयटीएस झालेला निदेशकही ते काम करू शकतो. फोनवर रेकॉर्डिंग होतं, वेगळं यंत्र लागत नाही. कार्यशाळा झाल्यावर तासाचा दर थोडा तरी वाढवावा, नाहीतर शिकलेला माणूस दुसऱ्या संस्थेत जाईल किंवा परत पूर्णवेळ कारखान्यात.

प्रवेशाच्या मोसमात पालकांना आणि पोरांनाही तीन गोष्टी विचारता येतील. हा विषय शिकवणारा माणूस वर्षभर तोच राहणार का? त्याने शिकवण्याचं काही प्रशिक्षण घेतलंय का, आणि कुठे? आणि एक तास फुकट बसून बघता येईल का? तिसऱ्याला संस्था हो म्हणाली तर पोराला पाठवा. घरी आल्यावर त्याला विचारा, आज काय शिकलास ते मला समजावून सांग. 60 किलो कापडाला 2 टक्के शेड असेल तर रंग किती लागेल, एवढं विचारलं तरी चालेल. उत्तर 1 किलो 200 ग्रॅम आहे.